विश्लेषण : बंद झालेल्या लिपस्टिकची ‘सेम शेड’ दुसऱ्या कंपनीत का मिळत नाही?

‘ती शेड आता येत नाही, ही घ्या, सेम आहे.’ आवडती लिपस्टिक संपल्यावर दुकानात हे वाक्य बहुतेक महिलांनी ऐकलेले असते. सेम म्हणून घेतलेली लिपस्टिक घरी आरशासमोर लावली की वेगळीच दिसते आणि दोन-तीन वापरांनंतर खणात पडून राहते. मग जुन्या लिपस्टिकचा शोध सुरू होतो आणि कधी कधी मुदत संपलेला मालही दामदुप्पट दराने विकत घेतला जातो. रेव्हलॉनची ‘कलरबर्स्ट लिप बटर’ ही अशाच चाहत्यांना चटका लावून गेलेली मालिका. तिच्या शेड कशा होत्या, ओठांवर किती टिकायच्या, आणि अशा मालिकेला पर्याय शोधताना काय पाहावे, याचा हा आढावा.

ही मालिका काय होती?

रेव्हलॉन ही १९३२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये नेलपॉलिशपासून सुरू झालेली कंपनी. भारतात तिची उत्पादने गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून मोदी समूहामार्फत मिळू लागली आणि महाराष्ट्रातील शहरांमध्ये ‘परदेशी पण परवडणारी’ लिपस्टिक म्हणून तिची ओळख झाली. २०१२ च्या सुरुवातीला कंपनीने ‘लिप बटर’ आणली. लिपस्टिकचा रंग आणि लिप बामचा मऊपणा एकाच कांडीत, अशी तिची मांडणी होती. आंबा, शिआ आणि नारळ यांच्या बटरचा जाहिरातीत ठळक उल्लेख होता. अभिनेत्री एमा स्टोन या जाहिरातीचा चेहरा होती.

पहिल्या खेपेत २० शेड आल्या. नावे बेकरीच्या काचेच्या कपाटात शोभतील अशी : रेड व्हेल्व्हेट, पिंक ट्रफल, पीच परफे, टुटी फ्रुटी. टोपणावर रजईसारखी चौकटींची नक्षी असे. एका कांडीत २.५५ ग्रॅम माल असायचा. रेव्हलॉनच्याच ‘सुपर लस्ट्रस’ लिपस्टिकमध्ये तो ४.२ ग्रॅम असतो. म्हणजे लिप बटरमध्ये माल जवळपास ४० टक्के कमी. त्यात ती मऊ असल्याने प्रत्येक वेळी जास्त लागायची आणि दिवसातून अनेकदा लावावी लागायची. ‘लवकर संपते’ ही तक्रार त्यातूनच आली.

शेड कशा होत्या?

सर्व शेड एकाच मालिकेतल्या असल्या तरी त्यांचा गडदपणा सारखा नव्हता. हे या मालिकेचे वैशिष्ट्यही होते आणि तिच्यावरची मुख्य टीकाही. त्यांचे ढोबळमानाने तीन गट पडत.

पहिला गट भरीव रंगांचा. ‘रेड व्हेल्व्हेट’ डाळिंबीकडे झुकणारा गडद लाल. ‘रास्पबेरी पाय’ जांभळट झाक असलेला बेरी. ‘लॉलीपॉप’ म्हणजे आपल्याकडचा राणी रंग. ‘कँडी अ‍ॅपल’ किंचित केशरी अंगाचा लाल. एका हातात हे रंग झिरझिरीत दिसत, दोन हातांत पूर्ण भरत. गव्हाळ आणि सावळ्या वर्णावर सर्वाधिक उठून दिसणारा गट हाच.

दुसरा गट रोजच्या वापराचा. ‘बेरी स्मूदी’ हा ओठांच्या नैसर्गिक रंगाहून एक पायरी गडद असा गुलाबी-जांभळट रंग. ‘पिंक ट्रफल’ तपकिरी अंगाचा गुलाबी. ‘मॅकरून’ आणि ‘फिग जॅम’ आमसुली-तपकिरीकडे जाणारे. ‘टुटी फ्रुटी’ गाजरी. ‘पीच परफे’ अबोली रंगावर सोनेरी कणांची चमक असलेली. कार्यालयात आरशाशिवायही लावता येतील, चुकून रेषेबाहेर गेले तरी लक्षात येणार नाहीत, असे हे रंग. मालिकेचे खरे चाहते या गटाचे होते, कारण इतका सौम्य रंग आणि इतकी चमक एकत्र देणाऱ्या लिपस्टिक त्या किमतीत कमी होत्या.

तिसरा गट फिकट रंगांचा. ‘शुगर फ्रॉस्टिंग’, ‘क्रीमसिकल’, ‘कपकेक’, ‘गमड्रॉप’. गोऱ्या वर्णाच्या आणि फिकट ओठांच्या महिलांवर हे रंग पाहून भारतात ज्यांनी ते घेतले, त्यांची अनेकदा निराशा झाली. यातील काही लावल्या न लावल्यासारख्या दिसत, तर काही ओठांवर पांढुरक्या थरासारख्या बसत आणि ओठांच्या रेषांमध्ये गोळा होत.

एकच शेड दोघींवर वेगळी का दिसते?

याचे कारण रंगाच्या थरात आहे. मॅट लिपस्टिकचा थर भिंतीला दिलेल्या रंगासारखा असतो, खालचे काही दिसू देत नाही. लिप बटरसारख्या चमकदार, झिरझिरीत लिपस्टिकचा थर रंगीत काचेसारखा असतो. प्रकाश त्यातून आत जातो, ओठावर आदळून परत येतो. दिसणारा रंग म्हणजे लिपस्टिकचा रंग अधिक ओठाचा स्वतःचा रंग.

भारतीय महिलांचे ओठ बऱ्याचदा तपकिरी किंवा जांभळट अंगाचे असतात. वरचा ओठ खालच्यापेक्षा गडद असणेही सामान्य आहे. त्यामुळे ‘पिंक ट्रफल’ एकीवर गुलाबी, तर दुसरीवर थेट तपकिरी दिसे. फिकट शेडमध्ये पांढरेपणासाठी टायटॅनियम डायऑक्साइड जास्त असतो. तपकिरी ओठांवर त्याचा पातळ थर राखाडी छटा देतो. अशा लिपस्टिकची मनगटावरची किंवा छायाचित्रातली शेड म्हणूनच फसवी ठरते.

ती टिकायची किती?

खाणे-पिणे न करता साधारण दोन ते तीन तास. चहाच्या कपावर डाग पडायचा, रुमालावरही उतरायचा. तेलकट जेवणानंतर तर ती जवळजवळ पूर्ण जायची. याचे कारण साधे आहे. लिपस्टिकचा थर तेल आणि मेणाचा, आणि मिसळीच्या तर्रीतही तेलच. तेलात तेल सहज मिसळते आणि रंग घासासोबत निघून जातो. पाण्याने जे होत नाही ते तर्रीने होते.

गडद शेडचे वागणे थोडे वेगळे होते. ‘लॉलीपॉप’, ‘रास्पबेरी पाय’ आणि भडक गुलाबी ‘स्वीट टार्ट’ यांची चमक गेली तरी ओठांवर हलका डाग उरायचा, त्यामुळे ओठ एकदम कोरे दिसत नसत. ‘रेड व्हेल्व्हेट’ची अडचण उलटी होती. थर निसरडा आणि रंग गडद, त्यामुळे तो ओठांच्या कडेच्या बारीक रेषांमधून बाहेर पसरे आणि मधला भाग आधी उडाल्याने कडा तेवढ्या उरत. लिप लायनरची रेघ आधी मारली तर हे बरेच टळायचे. टिश्यूने टिपल्यास टिकाऊपणा वाढे, पण चमक जाई, आणि ती तर या मालिकेची ओळख.

टिकाऊपणा आणि मऊपणा एकत्र का मिळत नाही?

लिपस्टिक म्हणजे मुख्यतः मेण, तेल आणि रंगद्रव्य. मेण कांडीला आकार देते. कार्नोबा मेण ८२ ते ८६ अंश सेल्सियसला, कँडेलिला सुमारे ७० अंशांना, तर मधमाश्यांचे मेण ६२ ते ६५ अंशांना वितळते. त्यांच्या मिश्रणावर कांडी किती कडक राहील हे ठरते. तेलांमध्ये एरंडेल सर्वात जुने आणि आजही मोठ्या प्रमाणात वापरले जाते, कारण ते घट्ट, चमकदार असते आणि रंगद्रव्य चांगले धरून ठेवते. जगात एरंडीचे सर्वाधिक उत्पादन भारतात होते आणि त्यात गुजरातचा वाटा सर्वात मोठा आहे.

तेल वाढवले की चमक आणि मऊपणा वाढतो, पण थर हलता राहतो आणि लवकर उतरतो. थर पक्का बसवायचा तर तेल कमी करावे लागते किंवा वेगळेच रसायनशास्त्र वापरावे लागते. अमेरिकी रसायनतज्ज्ञ हेझल बिशप यांनी १९५० च्या सुमारास ओठांच्या त्वचेलाच रंग चढवणारी, न पुसली जाणारी लिपस्टिक बाजारात आणली. रेव्हलॉनने १९९४ मध्ये ‘कलरस्टे’ आणली. तिच्यात उडून जाणारे द्रव आणि मागे उरणारा पक्का थर हे तत्त्व होते. द्रव उडाला की रंग ओठाला चिकटून बसतो, कपावर उतरत नाही, पण ओठ कोरडे वाटतात.

चमक, मऊपणा आणि टिकाऊपणा यांपैकी एक वाढवताना दुसरे कमी होते. लिप बटरने पहिले दोन निवडले होते. दिवसभर टिकत नाही ही तिची त्रुटी खरी, पण ती दूर केली असती तर ती लिप बटर राहिली नसती.

चालणारी मालिका कंपन्या बंद का करतात?

याला चार प्रमुख कारणे असतात. पहिले, जागा. दुकानातील कंपनीचा स्टँड ठरावीक मापाचा असतो. प्रत्येक शेड हा स्वतंत्र माल असतो. तिचा वेगळा बारकोड, वेगळा साठा, वेगळी छपाई. २० शेडपैकी सहा-सात भरपूर खपतात आणि उरलेल्या पडून राहतात, हे चित्र नेहमीचे. नवी मालिका आणायची तर जुनीला खाली उतरवावे लागते. आधी कमी खपाच्या शेड जातात, मग पूर्ण मालिका.

दुसरे कारण बदलती आवड. २०११-१२ हा बामसारख्या लिपस्टिकचा काळ होता. क्लिनिकची ‘चबी स्टिक’, मेबलिनची ‘बेबी लिप्स’ याच सुमारास आल्या. नंतर वारे फिरले. नोव्हेंबर २०१५ मध्ये कायली जेनर हिने तीन शेडचे ‘लिप किट’ आणले आणि पुढची काही वर्षे द्रवरूप मॅट लिपस्टिकने बाजार व्यापला. चमकदार, झिरझिरीत लिपस्टिक तेव्हा जुनाट वाटू लागली. मग पुन्हा चक्र फिरले. १९७१ मध्ये प्रथम आलेली क्लिनिकची ‘ब्लॅक हनी’ ही झिरझिरीत शेड २०२१ मध्ये टिकटॉकमुळे परदेशात दुकानांतून संपू लागली. ज्या प्रकारच्या लिपस्टिकला मधल्या काळात गिऱ्हाईक नव्हते, तिच्यासाठी नंतर रांगा लागल्या.

तिसरे कारण कच्चा माल आणि नियम. रेव्हलॉनने जून २०२२ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला, तेव्हा न्यायालयात दिलेल्या निवेदनात एका लिपस्टिकला ३५ ते ४० प्रकारचा कच्चा माल आणि सुटे भाग लागतात, असे नमूद केले होते. त्यातील एक जरी मिळेनासा झाला तरी उत्पादन अडते. नियमांचेही तसेच. अमेरिकेत १९९० मध्ये ‘रेड ३’ या रंगाला सौंदर्यप्रसाधनांतून वगळण्यात आले. युरोपीय संघाने डी-४, डी-५ आणि डी-६ या सिलिकॉनवर घातलेले निर्बंध जून २०२७ पासून त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनांनाही लागू होणार आहेत. टिकाऊ लिपस्टिकच्या अनेक सूत्रांमध्ये डी-५ हाच उडून जाणारा द्रव म्हणून वापरला जात आला आहे. म्हणजे येत्या काळात आणखी काही परिचित मालिका बदलतील किंवा थांबतील.

चौथे कारण मालकी आणि धोरण. कॅनडात सुरू झालेल्या ‘बाइट ब्यूटी’ची ‘अम्यूज बूश’ ही लोकप्रिय मालिका होती. २०२० मध्ये कंपनीने प्राणिजन्य घटक वगळून उत्पादनांची नव्याने मांडणी केली, त्यात ती मागे पडली. २०२२ मध्ये तर हा ब्रँडच गुंडाळण्याची घोषणा झाली.

घटकांची यादी पाहून तीच शेड शोधता येईल का?

अनेक जणी वेष्टनावरील यादी जुळवून पाहतात, पण त्यातून शेड सापडत नाही. यादीत मेण आणि तेले प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असतात. रंगद्रव्यांपाशी मात्र बहुतेक कंपन्या ‘यांपैकी असू शकतात’ अशी नोंद करून पूर्ण मालिकेत वापरले जाणारे सर्व रंग एकत्र छापतात. त्यामुळे ‘रेड व्हेल्व्हेट’ आणि ‘कपकेक’ यांच्या मागे छापलेली रंगांची यादी सारखीच असू शकते.

यादीतील क्रमांकही पुरेसे सांगत नाहीत. लिपस्टिकमध्ये नेहमी आढळणारा ‘सीआय १५८५०’ हा क्रमांक ‘रेड ६’ आणि ‘रेड ७’ या दोन्हींसाठी वापरला जातो. यातला पहिला केशरीकडे झुकणारा, दुसरा निळसर झाकेचा. ‘सीआय ७७४९१’ म्हणजे लाल लोहऑक्साइड, ‘सीआय ७७८९१’ म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, ‘सीआय ७५४७०’ म्हणजे किड्यांपासून मिळणारे कार्माइन. कोणता रंग किती टक्के आहे, तो किती बारीक दळला आहे आणि कोणत्या तेलात घोटला आहे, यावर शेड ठरते. हे कोणत्याही वेष्टनावर छापलेले नसते.

दुकानात जुळलेला रंग घरी का बिघडतो?

साडीवर ब्लाउजपीस घेणाऱ्या प्रत्येकीला याचे उत्तर ठाऊक आहे. मॅचिंग सेंटरमधल्या ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळलेला कपडा रस्त्यावर उन्हात वेगळा दिसतो, म्हणूनच कापड घेऊन दुकानाच्या पायरीवर येण्याची पद्धत आहे. दोन वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी बनवलेले रंग एका प्रकाशात सारखे आणि दुसऱ्यात निराळे दिसू शकतात. शास्त्रात याला मेटॅमेरिझम म्हणतात. कार्माइनने मिळवलेला गडद लाल आणि कृत्रिम रंगांनी मिळवलेला तसाच लाल यांच्यात हा फरक दिसू शकतो.

मोबाइलवरील छायाचित्रात अडचण आणखी वाढते. कॅमेरा प्रकाशानुसार पांढरा रंग स्वतःच ठरवतो, त्यामुळे एकच लिपस्टिक सकाळी गुलाबी आणि रात्री विटकरी दिसू शकते. समाजमाध्यमांवर ‘हुबेहूब पर्याय’ म्हणून शेजारी शेजारी दाखवलेल्या दोन रेघा बहुधा हातावरच्या असतात. ओठांवर लावल्यावर त्या जुळतीलच असे नाही.

मग पर्याय शोधायचा कसा?

शोध रंगापासून सुरू करण्याऐवजी थरापासून सुरू करणे अधिक उपयोगी. जुनी लिपस्टिक चमकदार आणि झिरझिरीत असेल तर मॅट लिपस्टिकमध्ये तिची शेड शोधून उपयोग नाही. रंग जुळला तरी ओठांवरचा परिणाम जुळणार नाही. आधी तसा थर देणारी मालिका निवडावी, मग तिच्यातली शेड पाहावी.

जुन्या लिपस्टिकचा थोडा अंश उरला असेल तर तो नमुना म्हणून राखून ठेवावा. पांढऱ्या कागदावर जुन्या आणि नव्या लिपस्टिकची एकेक जाड रेघ ओढून बोटाने शेवटपर्यंत पसरवावी. जाड रेघेत गडदपणा कळतो, पसरलेल्या भागात रंगाची आतली झाक. दोन लाल रंगांपैकी एक पसरल्यावर केशरी आणि दुसरा गुलाबी दिसला, तर ते ओठांवरही वेगळे दिसणार. ही तुलना खिडकीशेजारी, दिवसाच्या उजेडात करावी.

तिसरी पायरी ओठांवरची. दुकानातील टेस्टर थेट ओठांना लावू नये, कारण तो अनेकांनी वापरलेला असतो. वापरून टाकायच्या काडीने किंवा स्वच्छ ब्रशने थोडा रंग घेऊन लावावा आणि किमान तासाभराने पाहावा. काही रंग ओठांवर थोड्या वेळाने गडद किंवा गुलाबी होतात. ‘सीआय ४५४१०’ म्हणजे ‘रेड २७’ यासारखे रंग ओलाव्याच्या संपर्कात बदलतात. लिपस्टिकची खरी शेड पहिल्या मिनिटाला दिसत नाही ती यामुळे.

झिरझिरीत शेडच्या बाबतीत घरगुती उपायही चालतो. गडद लिपस्टिक अगदी थोडी लावून त्यावर रंगहीन बाम फिरवला की ‘बेरी स्मूदी’सारख्या शेडच्या बरेच जवळ जाता येते. टिकाऊपणाही थोडा वाढतो, कारण खालचा थर घट्ट असतो. परदेशात जुन्या लिपस्टिकच्या नमुन्यावरून तशीच नवी घोटून देणारे व्यावसायिकही आहेत. मात्र तेही त्यांच्याकडच्या मेण-तेलातच रंग मिसळतात. रंग जुळतो, थर जुळेलच असे नाही.

जुना साठा शोधून घ्यावा का?

बंद झालेल्या लिपस्टिक ऑनलाइन विक्रेत्यांकडे ‘शेवटचा स्टॉक’ म्हणून मिळतात. २०१२ च्या सुमाराची लिपस्टिक आज कितीही नवी दिसली तरी ती वापरू नये. उघडल्यानंतर किती महिने वापरावी हे वेष्टनावरील उघड्या डबीच्या चिन्हात ‘१२ एम’, ‘२४ एम’ असे लिहिलेले असते. न उघडलेली लिपस्टिकही कायमची टिकत नाही, कारण वनस्पतिजन्य तेले हवेच्या संपर्कात खवट होतात. बटरचे प्रमाण जास्त असलेल्या मऊ लिपस्टिकबाबत अधिकच सावध राहावे.

बिघडल्याची लक्षणे ओळखता येतात. जुन्या तेलासारखा किंवा मेणाच्या खडूसारखा वास, बदललेली चव, कांडीचा कोरडेपणा, रंगातील फरक किंवा बुरशीचे ठिपके दिसले तर लिपस्टिक टाकून द्यावी. उन्हाळ्यात कांडीवर येणारे तेलाचे थेंब हे मात्र केवळ उष्णतेमुळेही असू शकतात. थंड जागी ठेवल्यावर ते गेले आणि वास नीट असेल तर काळजीचे कारण नाही. वरचा थर स्पिरिटने पुसला तर पृष्ठभाग स्वच्छ होतो, पण आतले खवट तेल ताजे होत नाही. लिपस्टिक ओठांवरून थोडी थोडी पोटात जाते, हे विसरू नये. ओठांना खाज, सूज किंवा साल निघणे सुरू झाले तर वापर थांबवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

बंद झालेल्या लोकप्रिय शेडच्या नावाने बनावट मालही विकला जातो. भारतात ‘सौंदर्यप्रसाधने नियम, २०२०’ नुसार वेष्टनावर उत्पादकाचे नाव-पत्ता, बॅच क्रमांक, वापराची अंतिम तारीख आणि घटकांची यादी असणे आवश्यक आहे. आयात मालावर आयातदाराचे नाव-पत्ता आणि नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांकही हवा. लिपस्टिकसाठी भारतीय मानक ब्युरोचे ‘आयएस ९८७५’ हे स्वतंत्र मानक आहे. तारखेवर चिकटवलेले दुसरे लेबल, खोडलेला बॅच क्रमांक किंवा आयातदाराचा उल्लेख नसणे, यांपैकी काहीही दिसले तर किंमत कितीही आकर्षक असली तरी खरेदी टाळावी.

नाव परत आले तर लिपस्टिकही परत येते का?

कंपन्या जुन्या नावांची किंमत जाणतात. रेव्हलॉनची ‘फायर अँड आइस’ ही शेड १९५२ मधली, आणि त्या नावाची शेड ‘सुपर लस्ट्रस’ मालिकेत अजूनही आहे. पण सात दशकांपूर्वीची कांडी आणि आजची कांडी यांचे सूत्र एक नाही. नियम बदलले, रंगद्रव्ये बदलली, तेले बदलली. नाव आणि ढोबळ रंग तेवढा राहिला.

कोणत्याही बंद झालेल्या मालिकेबाबत हेच लागू होते. ती ‘पुन्हा आली’ अशी जाहिरात दिसली तर एकदम चार शेड मागवू नयेत. एकच, आपल्या ओळखीची शेड घ्यावी. वजन, घटकांच्या यादीतील पहिली पाच-सहा नावे आणि ओठांवर तासाभराने दिसणारा रंग तपासावा. आज वापरात असलेल्या आवडत्या लिपस्टिकबाबतही एक साधी सवय उपयोगी पडते. मालिकेचे पूर्ण नाव, शेडचे नाव आणि क्रमांक लिहून ठेवावा आणि कागदावर तिची एक रेघ दिवसाच्या उजेडात पाहून ती चकाकते की सुकते, झिरझिरीत आहे की भरीव, याची शेजारीच नोंद करावी. मालिका बंद झाल्याचे कळले तर मुदतीच्या आत संपेल तेवढीच, म्हणजे एखादी जास्तीची कांडी घ्यावी. साठा करून ठेवलेल्या दहा कांड्यांपैकी बहुतेक वापरण्याआधीच खवट होतात, आणि त्या नोंदींच्या आधारे दुकानात ‘सेम आहे’ म्हणणाऱ्याला नेमके काय सेम नाही हे तरी सांगता येते.